माजघरातला चौकोन

"इजिप्तमध्ये असं नसतं," हे वाक्य मी त्या उन्हाळ्यात इतक्या वेळा ऐकलं, की इजिप्त नावाचा देश देवानं केवळ आमच्या गावाची लाज काढायला निर्माण केला असावा, असं मला वाटू लागलं. इजिप्तमध्ये मजूर सांगितलेल्या जागीच खणतात. इजिप्तमध्ये वाळू चाळणीतून आपोआप गळते, तुमच्या मातीसारखी ढेकळं करून बसत नाही. इजिप्तमध्ये ऊन याहून कडक असतं. हे शेवटचं बोलल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांना ऊन लागलं आणि माझ्या वहिनीनं त्यांच्या तळपायांना चोळायला कांदा ठेचून ओसरीवर पाठवला. इजिप्तमध्ये काय चोळतात, ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही.

साहेब म्हणजे उत्खनन करायला आलेले साहेब. तरुणपणी ते एका परदेशी प्राध्यापकाच्या हाताखाली इजिप्तमध्ये काम करून आले होते आणि त्यानंतर जन्मभर तिथून परतलेच नाहीत, असं माझं मत आहे. शरीरानं मात्र ते नवेगाव बांधापासून दोन-अडीच कोसांवरच्या आमच्या गावात, आमच्याच ओसरीवर, आमच्याच बाजेवर पसरलेले असत. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा. मालगुजारी नुकतीच गेली होती, पण बाबांच्या मिशा राहिल्या होत्या. शहरातला विद्वान आपल्या दारी उतरला, म्हणजे गेलेलं सगळं व्याजासकट परत आलं, अशी त्यांची समजूत झाली होती.

आमच्या घरामागे पांढरी होती. जिथं कधीकाळी माणसं राहिली, त्यांच्या चुलींच्या राखेनं आणि शेणकाल्यानं माती पांढुरकी झाली, त्या उंचवट्याला आमच्याकडे पांढरी म्हणतात. गाव तिथून सारवायला माती आणायचं, धानाच्या बांधीत टाकायला खत म्हणून गाड्या भरून न्यायचं आणि तिथं सापडलेल्या खापरांनी पोरी ठिक्कर खेळायच्या. साहेबांनी पहिल्याच दिवशी हे सगळं बंद केलं. मग खुंट्या ठोकून, दोऱ्या ताणून सगळ्या टेकाडाचे सारखे चौकोन पाडले. दोन चौकोनांच्या मध्ये हातभर रुंदीची माती तशीच उभी ठेवायची, म्हणजे तिच्या कडेला मातीचे थर दिसतात. जितकं खाली तितकं जुनं. वरचा थर संपल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही. प्रत्येक टोपली चाळायची, प्रत्येक खापर धुवायचं, वाळवायचं आणि त्यावर शाईनं खूण करायची. गावातल्या लोकांनी ते चौकोन आणि मधले बांध पाहिले आणि विचारलं, "साहेब रोवणा करून राहिले का जी?" रोवणा म्हणजे धानाची लावणी, आणि धानाच्या बांध्या तशाच असतात, त्यात लोकांचं काही चुकलं नव्हतं.

मी तेव्हा गोंदियाला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि सुटीत घरी आले होते. आल्या आल्या मला साहेबांच्या दिमतीला लावण्यात आलं, कारण घरात मॅट्रिक झालेली मी एकटी. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, आधीच त्यांचा मुकादम झाला होता. घरात स्वतःचा गमछा कुठं ठेवला ते ज्याला सापडत नसे, तो आता प्रत्येक खापराची जागा दोरीनं मोजत होता.

साहेबांचं सगळंच हसण्यासारखं होतं असं नाही, हे कबूल करते. इजिप्तमध्ये त्यांनी राजाचं थडगं खणलं नव्हतं. वाळवंटाच्या कडेला मजूर-कारागिरांची एक वस्ती होती, तिथली घरं त्यांनी खणली होती. एकाला एक लागून मातीच्या विटांची घरं, मागं चूल, बाहेर उकिरडा. "राजाच्या थडग्यापेक्षा गरिबाचा उकिरडा जास्त खरं बोलतो," असं ते म्हणत, आणि ते मला आवडायचं. पण मग ते आमच्या पांढरीतही मातीच्या विटाच शोधत बसले. खरवडायचं, कुंचल्यानं झाडायचं, सकाळच्या तिरप्या उजेडात डोळे बारीक करून पाहायचं, विटेची कड दिसते का. आता आमच्याकडे भिंत म्हणजे मातीचा चिखल तुडवून थरावर थर रचलेली भिंत. ज्या घरात ते रोज जेवत होते, त्याचीही तशीच. विटा शोधता शोधता त्यांनी एक अख्खी भिंत खणून टोपल्यांतून बाहेर फेकली आणि ती शिस्तीत चाळूनही घेतली. चूक कळली तेव्हा ते म्हणाले, "इजिप्तमध्ये असं होत नाही." दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या ओसरीवर दोन वेळ जेवत होता.

त्यानंतर काही दिवसांनी ते मडकं सापडलं.

एका जुन्या घराची जमीन लागली होती, त्या जमिनीत भिंतीजवळ लहानसा खड्डा आणि खड्ड्यात आडवं ठेवलेलं मडकं. साहेबांनी सगळ्यांना दूर केलं. स्वतः पालथे पडून कुंचल्यानं माती काढली, खोली मोजली, कोपऱ्यांपासूनचं अंतर मोजलं, मडक्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहिलं, चित्र काढवून घेतलं. मग ते मडकं दोन्ही हातांवर ओसरीवर आणलं आणि कापसात ठेवलं. आत तान्ह्या पोराची हाडं होती. कोंबडीच्या हाडांएवढी. साहेबांचा चेहरा मात्र लग्नघरासारखा फुलला होता.

"अगदी इजिप्तसारखं!" ते बाबांना म्हणाले. "तिथंही त्या वस्तीत घरांच्या जमिनीखाली पेट्यांमधून अशीच तान्ही मुलं सापडतात."

"पण घरात कायले पुरत असतील जी?" बाबांनी विचारलं.

"कारण कळत नाही. कदाचित भीती. कदाचित जागेची टंचाई."

जागेची टंचाई! नजर पोचेल तिथवर वाळवंट आणि वीतभर पोराला जागा पुरत नव्हती म्हणे. मला हसू आवरेना म्हणून मी आत गेले. तर दाराआड वहिनी पाण्याचा लोटा घेऊन सगळं ऐकत उभी होती.

माझी वहिनी म्हणजे दादाची बायको. फार बोलायची नाही. त्या उन्हाळ्यात तिला सातवा चालू होता. त्याआधीच्या खेपेला तिला मेलेलं मूल झालं होतं. आमच्याकडे असं लेकरू गावाबाहेर नेत नाहीत. त्याला मडक्यात घालून घरातच, आतल्या दाराजवळ पुरतात, म्हणजे ते वाट न चुकता पुन्हा त्याच आईच्या पोटी येतं. हे सगळं बायकांनी करायचं. पुरुषांना जागा सांगायची नाही, आणि बायकांनीसुद्धा ती तोंडानं उच्चारायची नाही, उच्चारली की लेकराची वाट मोडते. त्या दिवशी माझ्या आईनं खड्डा खणला, मी कंदील धरला आणि वहिनी बाजेवरून मान वळवून पाहत राहिली. पुढच्या साली आई गेली. आता ती जागा जगात आम्हा दोघींनाच ठाऊक होती. माझा यावर विश्वास होता का? काडीचाही नाही. मी शाळेत मुलींना आरोग्याचे धडे देत होते. पण माझा विश्वास कुणी विचारला नव्हता.

आणि साहेबांना त्याच रात्रीच्या जेवणावर कल्पना सुचली. विद्वानांना जेवणावर फार सुचतं. जुन्या घरांतल्या जमिनी सारवून सारवून किती वर चढतात, हे कळलं तर पांढरीतल्या घरांचं वय काढता येईल. इजिप्तमध्ये त्यांनी तसा हिशेब मांडला होता. इथं त्यासाठी एक "जिवंत घर" हवं. आमच्या घराला ते जिवंत घर म्हणत होते, जसं काही आम्ही त्यात राहून त्यांची सोय केली होती. माजघराच्या आतल्या दाराजवळ सर्वांत जास्त वावर, म्हणून सर्वांत जास्त सारवण. तिथं एक लहानसा चौकोन कापायचा, थर मोजायचे, की झालं.

"अजी साहेब, विचारता कायले? तुमचंच घर आहे," बाबा म्हणाले.

जन्मात कधी शेणाच्या गोळ्याला ज्यांचा हात लागला नव्हता, ते बाबा जमिनीच्या बाबतीत असे उदार होते. दादानं लगेच साहेबांना नेऊन जागा पाहून घेतली. मान हलवत दोघे परत जेवायला बसले आणि वहिनीनं त्यांना भात वाढला.

सकाळी चुलीपुढं ती मला म्हणाली, "बाई, तुमी शिकल्या. काई तरी करा."

"दादाला सांगून टाक ना."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी पुन्हा ते बोलले नाही. सांगितलं तर वाट मोडणार, न सांगावं तर मडकंच फुटणार. मी शिकलेली होते म्हणून माझ्याजवळ काहीतरी तिसरं असेल, अशी बिचारीची समजूत.

मी बाबांकडे गेले. "माजघरात खणू नका," म्हटलं. "काऊन?" "अवघडलेली बाई आहे घरात." "मंग ती कुठं खणून राहिली? सायबाले शब्द दिला मी." बाबांचा शब्द म्हणजे काय विचारता. शेजाऱ्याला शेताच्या धुऱ्यावरून दिलेला शब्द त्यांनी सकाळी दिला आणि दुपारी मोडला होता, पण शहरातल्या माणसाला दिलेला शब्द मोडायचा नसतो.

मग साहेबांनाच त्यांच्या शास्त्रात पकडावं म्हणून मी गेले. एकदा उकरलेली, पोखरलेली जागा निकामी, तिथले थर मिसळलेले असतात, असं त्यांनीच मला शिकवलं होतं. मी म्हटलं, "साहेब, त्या जागी घुशींनी पोखरलं होतं. आम्ही बुजवलंय."

"घुशी?" त्यांचे डोळे चमकले. "मग तर पाहायलाच हवं! घुशीच्या बिळाचा आणि माणसानं खणलेल्या खड्ड्याचा रंग कसा वेगळा दिसतो, ते मला दाखवता येईल तुमच्या भावाला."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझं तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या माजघरात चार खुंट्या ठोकल्या गेल्या. दोरी ताणली. चौकोन नेमका पडायचा तिथंच पडला. दादा गवंड्याची करणी घेऊन गुडघ्यावर बसला, बाबा भिंतीला टेकून उभे राहिले, जणू देवळाची पायाभरणी चालली होती. साहेब दादाला सांगत होते, कोपऱ्यातून सुरुवात, वरची साल आधी, घाई नको.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी आली. डोक्यावर पदर, हातात तांदळाचं सूप. तिनं दोरी ओलांडली, त्या चौकोनात बसली, पोट सांभाळत मांडी घातली आणि तांदूळ निवडायला लागली.

कुणाला काही कळेना. दादा म्हणाला, "उठ ना वो. काम करून राहिलो इथं." ती उठली नाही. बाबा खाकरले. सासरा खाकरला की आमच्याकडे सुना आत पळतात. ती पळाली नाही. दादा पुन्हा म्हणाला, "येडी झाली का? साहेब उभे आहेत!" तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. सात महिन्यांच्या बाईला हात धरून उठवायची कुणाची टाप नव्हती, आणि तेवढं तिला पुरेसं होतं. मी मोठ्यानं म्हटलं, "साहेब, इजिप्तमध्ये बायका चौकोनात बसत नसतील, नाही का?"

निवडून झालेले तांदूळ तिनं पुन्हा सुपात ओतले आणि पुन्हा निवडायला लागली. बाबा शरमेनं बाहेर निघून गेले. साहेब दारात खाली बसले. आधी चिडलेले होते, मग कंटाळले, मग पाहायला लागले. ते पाहणं मी ओळखत होते. मातीच्या कडेला थर शोधताना ते तसंच पाहत. त्यांनी वहिनीकडं पाहिलं, तिच्या पोटाकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. तिचा डावा हात जमिनीवर टेकलेला होता, पंजा पूर्ण उघडा. निजलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात तसा. साहेब बराच वेळ त्या हाताकडं पाहत राहिले. त्यांना कळलं, हे मला कळलं.

मला वाटलं, आता हा माणूस मान खाली घालून उठेल. मनुष्यानं तेच केलं असतं. पण हे पडले विद्वान. ते माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, त्यांना एवढं एकच विचारा. मडक्याचं तोंड कुणीकडं करून ठेवतात?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी नाही विचारणार," मी म्हटलं. "लाज नाही वाटत तुम्हाला? समोर आई बसली आहे."

पण वहिनीनं ऐकलं होतं. जागा सांगायची बंदी होती. मडक्याच्या तोंडाचं कुणी काही म्हटलं नव्हतं. तिनं वर न पाहता उत्तर दिलं.

"दाराकडं. वाट दिसाले नको त्याले?"

साहेब डोक्यावर टोपी न घालता, भर उन्हात, पांढरीकडे चालायला लागले. दादा मागोमाग धावला. पुढचं मला दादानं सांगितलं. पांढरीतल्या त्या मडक्याचं तोंड ज्या बाजूला होतं, तिथं साहेबांनी नकाशात अखंड भिंत दाखवली होती, कारण इजिप्तमधल्या घरांना त्या बाजूला भिंत असते. आता त्यांनी तिथंच खणायला लावलं. दिवस कलायच्या आत तिथं भिंतीत खंड सापडला, दोन बाजूंना खांबांचे खड्डे दिसले आणि मध्ये पावलांनी तुडवून दगडासारखी घट्ट झालेली जमीन लागली.

"दार सापडलं!" ते आमच्या अंगणात शिरता शिरता ओरडले. अंगभर माती, चेहरा उन्हानं तांबडा, आणि आनंद तर मावत नव्हता. बाबांना त्यांनी सांगितलं, की माजघरातला चौकोन राहू द्या, तिथले थर हललेले आहेत, अशी जागा आमच्या शास्त्राला चालत नाही. बाबांनी मान डोलावली. त्यांना सुटल्यासारखं झालं, कारण शब्द त्यांनी मोडला नव्हता, शास्त्रानं मोडला होता. आता साहेबांचं हे बोलणं सभ्यपणाचं होतं की नुसतं पद्धतीचं, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. ठरवायची मला फारशी हौसही नाही. दार त्यांना माझ्या वहिनीनं दिलं. पुढं त्यांनी ते कुठं छापलं असेल तर इजिप्तच्याच खात्यावर टाकलं असेल, याची मला खात्री आहे.

वहिनीनं खुंट्यांची भोकं बुजवली आणि वरून सारवून घेतलं. मग मला म्हणाली, "बाई, त्याईले म्हणा ना, दार सापडलं, तं मडकं ठेवून द्या त्याच्या जागी."

मी निरोप पोचवला. साहेब हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "बाई, एकदा काढलेलं आम्ही परत ठेवत नाही. इजिप्तमध्येसुद्धा नाही."

मृगाच्या आधी त्यांनी मुक्काम आवरला. खापरं गोणत्यांत भरली, मडकं कापसात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवलं. सगळं बैलगाडीनं अर्जुनीच्या स्टेशनावर जायचं होतं. साहेबांची वळकटी घ्यायला गाडी आमच्या दारात थांबली. साहेब बाबांचा निरोप घेत होते, आणि बाबा त्यांना पुढच्या साली गाव, घर, शेत, काय हवं ते खणायला या म्हणून आग्रह करत होते. मी गाडीजवळ उभी होते. वहिनी पुरुषांसमोरून चालत बाहेर आली, गाडीच्या मागं गेली आणि तिनं पेटीवर हात ठेवला. मला वाटलं, नमस्कार करतेय.

ती बोलत होती. "तुही माय आता कुठं असन? नसनच. इतकी दूर जाऊन राहिला तू. हे घर पाहून ठेव. कवेलूचं छप्पर आहे, दारात निंब आहे, मांगं पांढरी. माय नाही सापडली तं माझ्याकडं ये. चालते मले."

मग गाडी निघाली. मला त्या साऱ्या उन्हाळ्यात प्रत्येकाला टोचून बोलायला काही ना काही सुचत होतं. तेव्हा मात्र मी वहिनीचा हात धरून तिला घरात आणलं.

रोवण्याच्या दिवसांत, बाहेर पाऊस लागलेला असताना, वहिनीला मुलगी झाली. जिवंत, काळीसावळी, घर डोक्यावर घेणारी. मी शाळेतून रजा काढून आले होते. सुईणीनं तिला पुसून वहिनीच्या कुशीत दिलं. वहिनीनं तिला लगेच छातीशी धरलं नाही. दोन्ही हातांवर उजेडाकडं धरून ती तिचं तोंड पाहत राहिली, कपाळ, कान, बंद मुठी. मी विचारलं, काय पाहतेस इतकं?

"आपलीच आली का ते पांढरीतल्या मडक्यातलं आलं, काई समजत नाही, बाई," ती म्हणाली. मग तिनं पोरीला पदराखाली घेतलं. "कोनी का असंना. दार तं सापडलं."